पिंपरीचे पेनिसिलीन आणि भोसरीतला विषाणू

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगताना सुरुवात बहुधा मोटारींपासून होते. टेल्को आणि बजाज यांची नावे आधी येतात, मग नाशिक रस्त्याने मोशी आणि इंद्रायणी ओलांडून गोष्ट चाकणच्या असेंब्ली लाइनींपर्यंत जाते. पण या पट्ट्याच्या औद्योगिकीकरणाची सुरुवात औषधाच्या कारखान्याने झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीत ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. स्वतंत्र भारतातली सार्वजनिक क्षेत्रातली ही पहिली औषध कंपनी. तिच्यापासून काही किलोमीटरवर, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. या दोन ठिकाणांमधले अंतर रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांचे असेल. वैद्यकाच्या इतिहासात मात्र ते फार मोठे आहे. पिंपरीच्या औषधाला शत्रूमध्येच एक सोय सापडली होती. भोसरीत ज्या विषाणूशी गाठ पडली, त्याच्यात ती सोय नव्हती.

ही सोय नेमकी कोणती, ते आधी पाहू.

दाबाचे औषध

पेनिसिलीन जिवाणूंना मारते, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते कसे मारते, हे सहसा कोणी सांगत नाही. जिवाणूची पेशी म्हणजे एक ठासून भरलेली पिशवी असते. आत क्षार, साखरी, प्रथिने यांची दाटी असल्यामुळे बाहेरचे पाणी सतत आत येऊ पाहते आणि आतला दाब वाढतो. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. तरी जिवाणू फुटत नाही, कारण त्याच्याभोवती जाळीसारखी विणलेली भिंत असते. फुटबॉलमधला रबरी ब्लॅडर चामड्याच्या आवरणामुळे आकारात राहतो, तसेच हे. जिवाणू वाढतो तेव्हा भिंतीचे टाके उसवून पुन्हा घालावे लागतात. पेनिसिलीन हे नवे टाके घालणारे प्रथिन अडवते. उसवण्याचे काम चालू राहते, शिवण्याचे थांबते. शेवटी जिवाणू स्वतःच्याच आतल्या दाबाने फुटतो. म्हणजे औषध फक्त शिवण उसवू देते, मारण्याचे काम पाण्याचा दाब करतो.

पिंपरीच्या प्रयोगशाळेचे दुसरे मोठे काम बुरशीवरच्या औषधाचे. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘हॅमायसिन’ शोधले. त्याच्या नावातले ‘हॅ’ म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरे. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. मोटारींच्या नगरीचे नाव जीवशास्त्राच्या नामावळीत असे कायमचे कोरले गेले आहे, हे पिंपरीकरांनाही फारसे ठाऊक नसते. हॅमायसिनचा वारही भौतिक स्वरूपाचाच. बुरशीच्या पेशीपटलात स्टेरॉल नावाचे मेदद्रव्य असते. औषध त्याला चिकटते, पटलाची घडी बिघडते आणि आतले क्षार बाहेर झिरपू लागतात.

दोन्ही औषधे शत्रूच्या देहाच्या बांधणीवर चालतात. भिंत आहे म्हणून ती पाडता येते, दाब आहे म्हणून तो उलटवता येतो. विषाणूला यातले काहीच नाही. त्याला भिंत नाही, आत पाण्याचा दाब नाही, अन्न पचवणे नाही, वाढणे नाही. एचआयव्हीचा कण म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी मेदाची पुडी. ती पुडीही त्याने ज्या पेशीतून बाहेर पडताना पांघरून घेतली, त्या पेशीच्याच पटलाची. आत जनुकांची दोन सूत्रे आणि मोजकी प्रथिने. अशा वस्तूवर पेनिसिलीन निष्प्रभ ठरते यात नवल नाही. नवल हे, की स्नायू नसलेला, पोहू न शकणारा, स्वतःची ऊर्जा नसलेला हा कण जिवंत पेशीत शिरतोच कसा?

या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे: विद्युतभार, ताण, लवचिकता, मेदाच्या पटलांचे एकमेकांत मिसळणे. आणि नव्वदच्या दशकात पुण्यात हा प्रश्न निव्वळ अभ्यासाचा राहिला नव्हता.

विवाहित बायकांची आकडेवारी

भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग १९८६ साली चेन्नईत उघडकीस आले. ते शोधले डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्राचे नाव वरच्या राज्यांत आले. मुंबई-पुणे आणि पुणे-नाशिक हे दोन रस्ते, त्यांवरची मालवाहतूक, घर गावाकडे ठेवून कारखान्यात आलेले पुरुष, या सगळ्या गोष्टी भोसरीच्या संस्थेच्या दारातच होत्या. साथीच्या रोगाची संशोधन संस्था शेडच्या आणि वर्कशॉपच्या रांगेत असणे म्हणूनच विचित्र वाटत नाही.

या संस्थेच्या कामातून आलेला एक निबंध १९९७ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. डॉ. रमण गंगाखेडकर त्याचे पहिले लेखक. पुढे कोविडच्या काळात दूरचित्रवाणीवरच्या पत्रकार परिषदांमुळे ते घरोघरी ओळखीचे झाले. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी त्यात आहे. त्यांपैकी ५२५ वेश्याव्यवसायातल्या होत्या. त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. उरलेल्या ३९१ स्त्रिया त्या व्यवसायातल्या नव्हत्या. त्यांच्यात ते १३.६ टक्के होते. यांतल्या बहुतेकींचा संबंध एकाच पुरुषाशी आलेला होता, आणि तो त्यांचा नवरा होता.

या आकड्याने त्या काळच्या प्रचारातली उणीव उघडी पडली. ‘एकनिष्ठ राहा’ हा सल्ला त्या पाळतच होत्या. ‘निरोध वापरा’ हा सल्ला त्यांच्या हातातला नव्हता, कारण निरोध वापरायचा की नाही हे नवरा ठरवणार. आग्रह धरला तर संशय उलट तिच्यावरच यायचा. झेना स्टाइन या साथरोगतज्ज्ञ विदुषीने १९९० सालीच लिहिले होते, की स्त्रीला स्वतःला वापरता येईल असे साधन हवे. पुण्याच्या आकड्यांनी त्या मागणीला आपल्याकडचा पुरावा दिला. असे साधन करायचे तर विषाणूला पेशीच्या दाराशीच अडवायला हवे, आणि त्यासाठी तो दार कसे उघडतो हे कळायला हवे.

विद्युतभाराचे आमिष

विषाणूला पोहता येत नाही. पाण्याच्या रेणूंच्या सततच्या धक्क्यांनी तो इकडेतिकडे भरकटत राहतो. रॉबर्ट ब्राउनने १८२७ साली पाण्यातल्या परागांच्या सूक्ष्म कणांमध्ये पाहिलेली ही हालचाल. भरकटत तो पेशीजवळ आला, तरी पुढे अडचण असते. पेशीच्या पृष्ठभागावर साखरींच्या लांब साखळ्यांचे रान असते आणि त्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. विषाणूचे पांघरूण पेशीकडूनच आलेले, त्यामुळे त्यावरही ऋणभार. दोन सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. प्रयोगशाळेत विषाणूंवर काम करणाऱ्यांना हे जुने ठाऊक आहे. संसर्ग नीट व्हावा म्हणून ते पेशींवरच्या द्रवात ‘पॉलिब्रीन’सारखे धनभारित बहुवारिक घालतात. त्याने दोन्हींमधला दुरावा कमी होतो.

विषाणूजवळ यावर स्वतःचाही एक उपाय आहे. त्याच्या पांघरुणातून प्रथिनांचे काटे बाहेर आलेले असतात. एका एचआयव्ही कणावर ते सरासरी चौदाच्या आसपास भरतात, फ्लूच्या विषाणूवर काहीशे. काट्याच्या बाहेरच्या भागाला जीपी-१२० म्हणतात. त्याचा एक वळसा धनभारित असतो. तो पेशीवरच्या ऋणभारित साखळ्यांकडे ओढला जातो. शरीरातल्या खारट द्रवात हे आकर्षण जेमतेम एक नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत पोचते. पण एकदा तेवढ्या टप्प्यात आला की विषाणू तिथे रेंगाळतो, आणि रेंगाळला की त्याला हवे ते कुलूप सापडण्याची शक्यता वाढते. हे कुलूप म्हणजे सीडी-४ हे प्रथिन. त्याचा शोध १९८४ सालचा. त्याच्या जोडीला आणखी एक कुलूप लागते, हे १९९६ साली कळले.

यावरून एक सोपी कल्पना निघाली. विषाणूचा काटा ऋणभाराकडे ओढला जातो ना? मग पेशीपर्यंत पोचण्याआधीच त्याला भरपूर ऋणभाराचे आमिष दाखवा. ऋणभारित बहुवारिकांचे जेल स्त्रीने संबंधाआधी स्वतः लावायचे. विषाणू त्याच्या साखळ्यांत अडकून राहील. सेल्युलोज सल्फेट, समुद्री शेवाळापासून केलेले कॅराजीनन आणि नॅफ्थलीन सल्फोनेटचे ‘प्रो २०००’ हे जेल या कल्पनेची तीन रूपे. प्रयोगशाळेत सगळीच उत्तम चालत होती.

त्याआधीचा एक अनुभव सगळ्यांना सावध करून गेला होता. ‘नॉनॉक्सिनॉल-९’ हे शुक्राणुनाशक म्हणून वापरातले रसायन म्हणजे एक प्रकारचा साबण. साबण मेदाचे पटल विस्कटतो, म्हणून तो विषाणूचे पांघरूणही फाडतो. परीक्षानळीत तो विषाणूचा खात्मा करायचा. पण २००० साली डर्बनच्या एड्स परिषदेत आफ्रिका आणि थायलंडमधल्या चाचणीचे निष्कर्ष मांडले गेले, तेव्हा हे जेल वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत संसर्ग कमी न होता वाढल्याचे दिसले. साबणाला विषाणूचे पटल आणि स्त्रीच्या शरीरातल्या पेशीचे पटल यांत फरक करता येत नाही. त्याने रक्षण करणारा थरच सोलून काढला होता.

म्हणून पुढच्या जेलांची पहिली परीक्षा सुरक्षिततेची होती. तिच्यात पुण्याच्या स्त्रिया होत्या. ‘प्रो २०००’ची प्राथमिक चाचणी भोसरीच्या संस्थेने पुण्यात केली. त्यात असंसर्गित स्त्रियांनी जेल वापरून पाहिले, डॉक्टरांनी दाह वा व्रण होतात का ते तपासले, आणि हे साधन बायकांना चालेल का हेही विचारले गेले. त्या प्रश्नाचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. अशा चाचणीत भाग घेणाऱ्या बाईला औषधाचा फायदा मिळण्याची हमी नसते. तिने वेळ द्यायचा, तपासणीची लाज बाजूला ठेवायची, घरी काय सांगायचे ते ठरवायचे. लाभ झालाच तर पुढच्या कोणाला तरी. पुण्यासारख्या शहरात एड्सच्या दवाखान्यात नुसते जाताना कोणी पाहिले तरी काय होऊ शकते, हे त्या दशकात राहिलेल्यांना सांगायला नको.

परीक्षानळीतले दार आणि शरीरातले दार

जानेवारी २००७च्या अखेरीस सेल्युलोज सल्फेटची मोठी चाचणी मध्येच थांबवण्यात आली. तिच्या केंद्रांत आपल्या शेजारचे बागलकोट आणि चेन्नई ही दोन भारतीय गावे होती. जेलने संरक्षण मिळत असल्याचे काहीच चिन्ह नव्हते, आणि धोका वाढतो की काय अशी शंका आली होती. ‘प्रो २०००’च्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीत फेब्रुवारी २००९ मध्ये संसर्ग ३० टक्क्यांनी कमी दिसला, पण तो योगायोगही असू शकेल इतपतच. डिसेंबरमध्ये आफ्रिकेतल्या ९,३८५ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला: काहीही परिणाम नाही. ऋणभाराचे आमिष संपले.

ते का फसले, याची कारणेही भौतिक आहेत. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या विषाणूंच्या काट्यावर धनभार जास्त असतो. स्त्री-पुरुष संबंधांतून माणसाकडून माणसाकडे जाणारे विषाणू बहुधा वेगळे कुलूप वापरणारे असतात आणि त्यांच्या काट्यावरचा धनभार कमी असतो. आमिष ज्यांच्यावर पारखले ते मासे वेगळे, नदीतले वेगळे. दुसरे, परीक्षानळीत वीर्य नसते. वीर्यातली प्रथिने त्याच जेलला चिकटतात आणि विषाणूसाठी जागा उरत नाही. तिसरे कारण सर्वांत विलक्षण. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली दाखवले, की वीर्यातल्या एका प्रथिनाच्या तुकड्यांचे सूक्ष्म तंतू बनतात, आणि त्यांच्यावर भरपूर धनभार असतो. प्रयोगशाळेत पॉलिब्रीन जे काम करते तेच हे तंतू शरीरात करतात: विषाणू आणि पेशी यांच्यातला विद्युत दुरावा पुसून टाकतात. म्हणजे ज्या बळावर जेल विसंबले होते, तेच बळ शरीरात दुसऱ्या बाजूनेही काम करत होते.

अपयश नुसते जेलचे नव्हते. दाराची जी प्रतिकृती करून तिच्यावर औषध पारखले, ती खऱ्या दारासारखी नव्हती.

दाबून ठेवलेली स्प्रिंग

विषाणू कुलपाला चिकटला म्हणजे आत गेला असे नाही. अजून दोन मेदपटले समोरासमोर आहेत, एक त्याचे आणि एक पेशीचे. मिसळीवरच्या तर्रीचे दोन थेंब जवळ आले की सहज एक होतात. पेशीपटलेही मेदाचीच, मग ती का होत नाहीत? कारण त्यांच्या रेणूंची पाण्याला धरून ठेवणारी डोकी बाहेरच्या बाजूला असतात. दोन पटले दोन-तीन नॅनोमीटरवर आली की मधल्या पाण्याचा थर हटायला तयार नसतो. तो हटवायला जोर लागतो. स्नायू नसलेल्या कणाने तो आणायचा कुठून?

याचे उत्तर चाकणच्या कोणत्याही फिटरला पटेल. जोर आधीच साठवून ठेवलेला असतो. फ्लूच्या विषाणूच्या काट्याबद्दल कार आणि किम यांनी १९९३ साली मांडलेली कल्पना ‘दाबलेल्या स्प्रिंग’चीच होती. एचआयव्हीच्या काट्याच्या आतल्या भागाला जीपी-४१ म्हणतात. १९९७ साली दोन संशोधक गटांनी त्याच्या गाभ्याची रचना उलगडली. काटा पेशीत तयार होतो तेव्हा तो एकसंध प्रथिन असतो. मग पेशीचेच एक विकर त्याला कापते, आणि कापलेले दोन भाग एकमेकांना धरून तणावाच्या स्थितीत राहतात. स्प्रिंग दाबण्याची मजुरीही अशी आपल्याच पेशीने भरलेली असते. कुलूप सापडले की बाहेरचा भाग बाजूला सरतो, आतला भाग सरळ होऊन भाल्यासारखा पेशीच्या पटलात रुततो, आणि मग मधोमध दुमडतो. तीन दांडे आत, तीन बाहेरून त्यांना बिलगलेले, अशी सहा दांड्यांची घट्ट मोळी बनते. एक टोक पेशीत आणि दुसरे विषाणूत रुतलेले असल्याने मोळी बांधली जाताना दोन्ही पटले एकमेकांवर ओढली जातात. पाणी बाजूला होते, मेद मिसळतो, भोक पडते.

मोळी बांधली जाण्याआधी काही क्षण ते दांडे उघडे असतात. ‘एन्फुवर्टाइड’ हे औषध नेमके त्या क्षणी शिरते. ३६ अमिनो आम्लांचा हा तुकडा बाहेरच्या दांड्याची नक्कल आहे. तो त्याची जागा अडवतो आणि स्प्रिंग अर्धवट राहते. मार्च २००३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. दाराशी अडवण्याची कल्पना चुकीची नव्हती, याचा हा पुरावा. पण दिवसातून दोनदा टोचून घ्यायचे ते महागडे इंजेक्शन पुण्यातल्या त्या ३९१ बायकांसाठी नव्हतेच.

स्प्रिंगइतकाच महत्त्वाचा गुण विषाणूच्या मऊपणाचा. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली अतिसूक्ष्म सुईने एचआयव्हीचे कण दाबून पाहिले. नुकताच पेशीतून बाहेर पडलेला अपक्व कण पक्व कणापेक्षा चौदा पट कडक निघाला. आतल्या प्रथिनांचे जाड अस्तर विषाणूचेच एक विकर कापून काढते, तेव्हा तो मऊ होतो आणि पेशीत शिरण्याजोगा बनतो. ते विकर अडवणारी औषधे १९९५ पासून वापरात आहेत. संसर्गक्षम कण तयार होऊ नयेत म्हणून ती दिली जात होती. त्या कणांचा कडकपणाही त्यांच्या आड येतो, हे या मोजमापांमुळे दिसले.

काट्याची ही यंत्रणा एकट्या एचआयव्हीची नाही. पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली घशातल्या नमुन्यातून टिपलेल्या कोरोनाच्या कणाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्याच्या कडेचे ते काटेही दाबलेल्या स्प्रिंगाच. आणि हीच युक्ती माणसानेही उचलली. हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. अशा लशींतला संदेश पेशीत नेण्यासाठी धनभार धारण करणारे मेदरेणू वापरतात, म्हणजे पेशीचा ऋणभार इथे आपल्या कामी येतो.

दुसरे दार

पुण्याच्या वाट्याला यशही आले, पण वेगळ्या वाटेने. एक जोडीदार संसर्गित आणि दुसरा नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. भारतातली केंद्रे पुणे आणि चेन्नई. संसर्गित जोडीदाराला लवकर औषधोपचार सुरू केले, तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ साली दिसले. इथे दाराला हातही लावलेला नव्हता. विषाणूची पैदास इतकी खाली आणली, की दाराशी येणारेच कमी झाले. भरकटत येणाऱ्या कणांचा खेळ शक्यतेचा असतो. कणच थोडे असतील तर काटा कितीही तयारीचा असून उपयोग नाही. मात्र या उपायात पत्नीचे रक्षण नवऱ्याच्या तपासणीवर आणि नवऱ्याच्या गोळीवर अवलंबून राहिले. १९९७चा प्रश्न अर्धाच सुटला.

उरलेल्या अर्ध्याचे उत्तर आता जिथून येऊ घातले आहे, ते पुन्हा भौतिक बळांच्या अभ्यासातून. पेशीत शिरल्यावर विषाणूला दुसरे दार लागते, पेशीकेंद्राचे. त्याची जनुके शंकूच्या आकाराच्या एका प्रथिनकवचात असतात. सुमारे १२० नॅनोमीटर लांब आणि रुंद टोकाशी ६० नॅनोमीटर. केंद्राचे छिद्र याहून अरुंद समजले जाई, म्हणून कवच बाहेरच फुटत असणार असे पाठ्यपुस्तकांत होते. २०२१ साली गोठवलेल्या पेशींच्या प्रतिमांमधून दिसले की जिवंत पेशीत ते छिद्र मानले जाई त्यापेक्षा रुंद असते आणि कवच अखंड स्थितीत त्यातून सरकते. त्यासाठी कवच लवचिक हवे आणि पुरेसे मजबूतही. ‘लेनाकापाविर’ या औषधाचे रेणू कवचाच्या जाळीत पाचरीसारखे बसतात आणि ती नको तितकी ताठ करतात. ताठ झालेले कवच वाकत नाही, तडकते.

हे औषध सहा महिन्यांतून एकदा टोचतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल २०२४ साली आला. ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. वर्षातून दोनदा दवाखान्यात जाणे. घरात लपवायला डबी नाही, नवऱ्याची परवानगी नाही. झेना स्टाइन यांनी मागितलेले साधन याच्याइतके जवळ पूर्वी कधी आले नव्हते. अमेरिकेत २०२५ साली प्रतिबंधासाठी त्याला मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत सामान्य माणसाच्या कल्पनेबाहेरची होती. स्वस्त प्रती बनवण्याचे परवाने ज्या कंपन्यांना मिळाले, त्यांत भारतीय कंपन्या आहेत.

पिंपरीचा कारखाना सरकारने उभारला तो याच हिशेबाने, की औषध शोधले जाणे आणि ते गरजूच्या हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीसाठी कोणीतरी भट्टी पेटवावी लागते. विषाणू आत कसा शिरतो हे समजायला ऐंशीच्या दशकापासून चाळीस वर्षे लागली. त्यात परीक्षानळ्यांचा वाटा आहे, तसाच न लागू पडलेले जेल वापरून पाहणाऱ्या, नावे कुठेही न छापलेल्या पुण्यातल्या बायकांचाही आहे. त्यांच्या मुली आज पंचविशी-तिशीत असतील. काही भोसरीच्या शेडमध्ये, काही चाकणच्या लाइनवर कामाला असतील. त्यांच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन कोणत्या साली आणि किती रुपयांना मिळेल, यावर या इतिहासाचे पुढचे पान अवलंबून आहे.